माशांच्या टाकीतील घरघर

घरात पाळण्याजोग्या प्राण्यांमध्ये माशाइतका शांत प्राणी दुसरा नाही. कुत्रे भुंकते, मांजर दुधाच्या वेळेला घर डोक्यावर घेते, आणि पोपट तर पाहुण्यांसमोर नको ते बोलून बसतो. मासा बापडा काहीच बोलत नाही. म्हणूनच शेजाऱ्यांची कुरकूर नको, म्हणून पुष्कळ लोक काचेची टाकी आणून बैठकीच्या खोलीत ठेवतात. पहिले आठ दिवस मोठ्या कौतुकाचे जातात. पुढे एके रात्री दिवे मालवून सगळे अंथरुणावर पडले म्हणजे ध्यानात येते, की मासे गप्प असले तरी टाकी गप्प नाही. कुठूनशी घरघर चालू आहे, आणि रात्र जसजशी चढते तसतशी ती वाढल्यासारखी वाटते.

मग घरातले कोणीतरी म्हणते, “अरे, रात्रीपुरतं ते बटण बंद कर की! मासेही झोपतील, आपणही झोपू.” सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, पण तो माशांच्या जिवावर बेतणारा आहे. तो तसा का, आणि मग त्या आवाजाचं करायचं तरी काय, या दोन गोष्टी इथे सांगायच्या आहेत.

आधी फिल्टरचे काम काय ते पाहू. चहाची गाळणी जशी चोथा अडवते, तसा फिल्टर पाण्यातला गाळ अडवतो, एवढीच आपली समजूत असते. गाळ तो अडवतोच. पण त्याचे खरे काम डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत, तळ्यात पाणी अफाट असते, त्यामुळे तो विरून जातो. दोन-अडीच फुटांच्या टाकीत तो जाणार कुठे? तिथे तो साचतो आणि माशाला विषासारखा बाधतो.

इथे फिल्टरमधला स्पंज आणि चिनीमातीच्या बारीक नळ्या कामाला येतात. त्यांच्या भोकाभोकांतून अतिसूक्ष्म जंतूंची वस्ती झालेली असते. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी. नायट्रेट मात्र त्यांच्या मानाने पुष्कळ सौम्य, आणि आठवड्याला थोडे पाणी बदलत राहिले की ते आटोक्यात राहते. हे काम करणारे जंतू रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत या वस्तीचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे दुकानातून आणलेला फिल्टर हे नुसते रिकामे घर असते. त्यात बिऱ्हाड नांदू लागले, म्हणजे मगच तो खरा फिल्टर होतो.

या जंतूंना जगायला प्राणवायू लागतो आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. बटण बंद केले, की पाणी थांबते. स्पंजातला प्राणवायू हळूहळू संपत जातो आणि वस्ती गुदमरू लागते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये तर काही तासांतच आतले पाणी नासू लागते, आणि सकाळी बटण दाबताच ते सगळे टाकीत येऊन पडते.

त्यातून बंद करायला आपण निवडतो ती वेळ रात्रीची. दिवसा टाकीतल्या वनस्पती उजेडात प्राणवायू देतात. अंधारात त्या देत नाहीत, उलट स्वतःच घेतात. म्हणजे फिल्टरने पाणी हलवत ठेवण्याची गरज रात्रीच अधिक. उन्हाळ्यात तर विचारूच नका. २० अंश सेल्सिअसच्या एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले, की साडेसातच्या आसपास मावतो. चैत्र-वैशाखातल्या रात्री फिल्टर बंद करून झोपावे, आणि सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसावेत, याचे कारण हे.

तेव्हा बटणाला हात लावू नये. आवाजाला हात घालावा. आणि हे काम वाटते तितके अवघड नाही. आपल्या मराठीत आवाजांना नावे काही कमी नाहीत. फिल्टरच्या बाबतीत ही नावे फार उपयोगी पडतात. कारण घूं, खडखड, गुडगुड, खळखळ, किरकिर या प्रत्येकाचे मूळ निराळे असते. म्हणून पहिले काम हे, की पंखा, रेडिओ सगळे बंद करून टाकीजवळ दोन मिनिटे बसावे आणि आवाजाला त्याचे नाव द्यावे.

प्रथम घूं घ्या. भुंग्यासारखा एकसुरी, लांबलेला आवाज. हा बहुतेक करून टाकीबाहेर ठेवलेल्या हवेच्या पंपाचा असतो. ज्यातून नळीवाटे टाकीत बुडबुडे सोडतात, तो हा छोटा पंप. त्याच्या पोटात विजेचे एक वेटोळे, त्यापुढे लोहचुंबक बसवलेली एक दांडी, आणि दांडीला जोडलेला रबरी पडदा असतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तितक्याच वेळा ती दांडी पुढेमागे होते आणि पडदा भात्यासारखा हवा ढकलतो. थोडी घूं त्याच्या कामातच आहे. ती मोठी झाली, तर दोष पंपाचा की पंपाखालच्या फळीचा, हे आधी ठरवावे.

याची परीक्षा सोपी आहे. कोरड्या हातांनी चालू पंप अलगद उचलून पाहा. उचलताच आवाज निम्म्यावर आला, तर दोष बसकणीचा. तंबोऱ्याच्या तारेचा मूळ आवाज तो किती! भोपळ्यामुळे तो खोलीभर भरतो. तुमचे पोकळ लाकडी कपाट, पत्र्याचे टेबल, हे पंपाचे भोपळे होत. पंपाच्या बुडाला रबराचे चार पाय असतात. ते काही काळाने कडक होतात किंवा गळून पडतात. अशा वेळी पंपाखाली जाड स्पंजाचा तुकडा किंवा जुन्या सतरंजीची चौपदरी घडी घालावी. पंप भिंतीला किंवा काचेला टेकलेला नसावा. त्याची नळीही काचेला घासत असेल, तर ती थोडी दूर करावी. पुष्कळ घरांतली तक्रार इथेच मिटते.

हातात घेऊनही आवाज तेवढाच राहिला, तर दुसरी परीक्षा करा. पंपावरची नळी क्षणभर काढून घ्या. आवाज एकदम हलका झाला, तर पंपाला पुढे कुठे तरी अडथळा आहे. नळी दुमडली असेल, नाहीतर तिच्या टोकाचा बुडबुड्यांचा दगड, ज्याला दुकानदार एअर स्टोन म्हणतात, तो क्षारांनी आणि शेवाळाने बुजला असेल. दगड बदलून टाकावा. त्याची किंमत फार नसते. तो तसाच ठेवला, तर उलट दाबाने रबरी पडदा फाटतो आणि खर्च वाढतो. नळी काढूनही आवाज हलत नसेल, तर मात्र दोष पंपाच्या पोटात. पिन काढावी, बुडाचे स्क्रू सोडावेत आणि आत पाहावे. एखादा स्क्रू ढिला असतो, हवा आत घेण्याच्या जागेवरचा लोकरीचा तुकडा धुळीने माखलेला असतो, किंवा पडद्याला चीर गेलेली असते. पडदा बऱ्याच पंपांसाठी सुटा मिळतो.

इथेच एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवतो. हा पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. तो खाली असला आणि वीज गेली, तर टाकीतले पाणी नळीतून उलटे उतरून पंपात शिरू शकते. खाली ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर नळीत उलट प्रवाह अडवणारी छोटी झडप बसवावी. शेजारीपाजारी आवाज जाऊ नये म्हणून पंप खाली कपाटात कोंबणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता खडखड. हा आवाज पाण्यात बुडवलेल्या किंवा टाकीच्या काठावर टांगलेल्या विजेच्या फिल्टरचा. त्याची रचना फार साधी आहे. सीलबंद वेटोळ्याच्या मध्यभागी एक खोबण, खोबणीत एक बारीक दांडी, आणि दांडीवर गोल लोहचुंबक व त्याला जोडलेली पाती. या भिंगरीला दुकानात इंपेलर म्हणतात. नेहमीच्या घरगुती फिल्टरमधली ही भिंगरी आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर सेकंदाला ५०, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे घेते. इतक्या वेगात वाळूचा एक कण मध्ये आला, तरी तो शांतपणे कसा बसेल?

पिन आधी काढावी, आणि मगच पाण्यात हात घालावा. हा नियम मोडू नये, “एक सेकंदाचं तर काम आहे” असं म्हणून तर मुळीच नाही. फिल्टर बाहेर काढून त्याचे तोंड उघडले, की भिंगरी दिसते. लोहचुंबकामुळे ती थोडी धरून बसलेली असते; चिमटीत धरून सरळ ओढली की निघते. खाली एखादी वाटी किंवा थाळी धरावी. दांडीच्या टोकांना मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या रबरी टोप्या असतात. त्या मोरीत वाहून गेल्या, की खडखड कायमची मागे लागते. मग पाहावे. वाळू, गोगलगाईचे पिल्लू, वनस्पतीचे मूळ, माणसाचा केस, यांपैकी काहीतरी दांडीभोवती सापडते. काहीच नसले, तर बुळबुळीत थर असतो. जुन्या दाताच्या ब्रशने भिंगरी आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीने खोबण साफ करावी.

जिथे बोअरचे क्षाराचे पाणी वापरतात, तिथे दांडीवर पांढरे कडक कीट धरते. किटलीच्या बुडाशी धरते तेच हे. भिंगरी आणि दांडी पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवावी आणि पुन्हा पुन्हा स्वच्छ धुऊन बसवावी. साबण अजिबात लावू नये. त्याचा अंश राहिला, तर तो माशांना बाधतो.

आणि तेल? शिवणयंत्र कुरकुरले, की तेलाचे दोन थेंब सोडायची आपली सवय. इथे ते चालायचे नाही. या भिंगरीचे वंगण म्हणजे पाणीच. तेल सोडले, तर तवंग साऱ्या टाकीवर पसरेल. आणि पाणी हेच वंगण असल्यामुळे हा फिल्टर कोरडा कधीही चालवू नये. मिनिटभर “बघू चालतो का” म्हणूनसुद्धा नाही. साफसफाई करूनही खडखड राहिली, तर दांडी वाकलेली किंवा तडकलेली असते, पाते तुटलेले असते, नाहीतर टोप्या झिजलेल्या असतात. नवी भिंगरी त्याच बनावटीची घ्यावी. जवळपास बसणारी घेतली, तर ती पुन्हा खडखडते.

गुडगुड निराळी. हुक्क्यासारखा हा आवाज फिल्टरच्या पोटात हवा अडकल्याची खूण आहे. साफ करून पुन्हा लावल्यावर पहिली काही मिनिटे तो होतोच. फिल्टर पाण्याखाली हळूच कलता केला, की बुडबुडे निघून जातात. पण गुडगुड रोजची झाली, तर हवा आत येते कुठून ते शोधावे. एक तर बुडबुड्यांचा दगड फिल्टरच्या तोंडाशी ठेवलेला असतो आणि फिल्टर ते बुडबुडेच गिळत असतो. दगड वीतभर दूर सरकवावा. किंवा पाण्याची पातळी उतरल्यामुळे शोषणारे तोंड उघडे पडू लागलेले असते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये झाकणाची रबरी कडी कोरडी पडून तिथूनही हवा शिरते. ती पुसून नीट बसवावी, चिरली असल्यास बदलावी.

खळखळ हा तर आजारच नव्हे. काठावर टांगलेल्या फिल्टरमधून पाणी धबधब्यासारखे खाली पडते. टाकी भरलेली असते तेव्हा ते अंगुळभर पडते आणि ऐकूही येत नाही. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, पातळी दोन-तीन अंगुळे खाली जाते, आणि तेच पाणी उंचावरून पडून खळखळते. पाण्याची भर घातली, की काम झाले. मात्र हे लक्षात असू द्या, की वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागेच राहतात. म्हणून नुसती भर घालणे हे पाणी बदलण्याच्या जागी धरू नये. नळाचे पाणी असेल, तर उघड्या बादलीत दिवसभर ठेवून किंवा क्लोरीन मारणारे थेंब घालून मगच वापरावे.

किरकिर किंवा फरफर असा बारीक, चिडका आवाज येतो तो बहुधा पाण्यात बुडवलेल्या फिल्टरच्या वरच्या हवेच्या नळीतून. वाहत्या पाण्याच्या ओढीने ही नळी हवा आत खेचते. तिच्या टोकाला फिरवायची खुंटी असते. ती थोडी आवळली, की आवाज बारीक होतो. साफ बंद केली तर फिल्टरच्या पाण्याचे तोंड किंचित वर वळवावे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलता राहील. प्राणवायू पाण्यात शिरतो तो या हलत्या पृष्ठभागावरूनच.

राहिला एक शेवटचा आणि वाईट आवाज. फिल्टर घूं करतो आहे, पण पाणी मुळीच वाहत नाही. म्हणजे वेटोळ्यात वीज खेळते आहे आणि भिंगरी अडकली आहे. पिन ताबडतोब काढावी. फिल्टर तापतो आणि जळतो. तसेच पाण्यात हात घातल्यावर कधी बारीकशा झिणझिण्या आल्या, तर तो फिल्टर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सरळ बाद करावा. टाकीची वायर पिनेकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाईल अशी ठेवावी. वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली ठिबकते, प्लगपर्यंत पोचत नाही. घरात विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा, हे सांगणे नलगे.

आवाज घालवण्याच्या भरात एक घात मात्र हमखास होतो. फिल्टर उघडला आहेच, तर तो लख्ख करावा, म्हणून स्पंज नळाखाली धरून शुभ्र होईपर्यंत पिळला जातो. महानगरपालिकेच्या पाण्यातले क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असते. ते तुमच्या उपयोगी जंतूंना निराळे कसे ओळखणार? फिल्टर गप्प होतो, आणि चार दिवसांत मासे मलूल पडतात. म्हणून टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच दाबावा. तो तपकिरीच राहू द्यावा. दोन स्पंज असतील, तर या खेपेला एक, पुढच्या पंधरवड्याला दुसरा. भिंगरी घासून लख्ख करा, खुशाल करा. स्पंजाला मात्र तो न्याय लावू नका.

वीज काही तास गेली, तरी हाच विचार. बंद डब्याच्या फिल्टरमधले साचलेले पाणी आधी फेकून द्यावे, स्पंज टाकीच्या पाण्यात हलवून घ्यावा आणि मगच बटण लावावे. वीज नसताना तांब्याभर पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहिले, तरी माशांना बराच आधार मिळतो. बॅटरीवर चालणारे छोटे पंपही मिळतात.

आता तुम्ही म्हणाल, आवाजाचा त्रास आपल्याला. माशाला त्याचे काय? तर माशांनाही ऐकू येते. गोल्डफिश घ्या. आपले रोहू आणि कटला ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. या माशांच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८२० साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. या साखळीमुळे त्यांचे कान फार तिखट असतात. शिवाय पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. आपण तरी दार लावून दुसऱ्या खोलीत निजू शकतो. माशाला दुसरी खोली नाही.

तेव्हा महिन्यातून एखाद्या रविवारी अर्धा तास या कामाला द्यावा. भिंगरी काढून पुसावी, पंपाचे पाय पाहावेत, दगड तपासावा, पाण्याची पातळी पाहावी. आणि टाकी नीट चालली असताना तिचा आवाज कसा असतो, तो कानात बसवून घ्यावा. तो ओळखीचा झाला, म्हणजे पुढे एखाद्या रात्री त्यात फरक पडला तर झोपेतही कळते; आणि त्या वेळी बटणाकडे न जाता हात बरोबर बिघडलेल्या जागेवर जातो.